डीसीआयएस निघालंय – पूर्ण स्तन काढायचा की तेवढाच भाग?

गोदाकाठ
९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचत असते, लिहिणं कमीच. या वेळी मात्र तुमच्याशी बोलायची गरज आहे.

वय ५३, नाशिक. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. हाताला गाठ लागली नव्हती, दुखत नव्हतं, काहीच नव्हतं. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत मॅमोग्राफी होती म्हणून केली. डाव्या बाजूला कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले, रिपोर्टवर बाय-रॅड्स ४, म्हणजे संशयास्पद, बायोप्सी करा. मग पुण्याला जाऊन मॅमोग्राफीच्या मशीनवरच सुई घालून बायोप्सी झाली. रिपोर्ट असा: डक्टल कार्सिनोमा इन सिटू (डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नळीतच असलेला कर्करोग), ग्रेड २ (पेशी किती बिघडल्या आहेत त्याची तीनातली मधली पायरी), ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हॉर्मोनला प्रतिसाद देणारा. ठिपक्यांचा पसारा १४ मिमी. आई, मावश्या, आत्या, कुणालाच हा आजार नव्हता.

पहिले सर्जन म्हणाले, पूर्ण स्तन काढून टाका, रेडिएशनची भानगड नको. लगेच पुढच्या आठवड्याची तारीखही दिली. दुसऱ्या सर्जन म्हणाल्या, एवढ्याशा भागासाठी स्तन काढायचं कारण नाही, तेवढा भाग काढू आणि वर रेडिएशन देऊ. घरात सासूबाई म्हणतात, काढून मोकळी हो, कॅल्शियमच्या गोळ्याही बंद कर. मुलगी पुण्यात असते. तिने अमेरिकेतल्या कुठल्याशा चाचणीबद्दल वाचलंय, ती म्हणते की आई, काही बायका ऑपरेशनच करत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. नवरा म्हणतो तू ठरव, मी बरोबर आहे. त्यांच्या त्या म्हणण्याचा आधार वाटतो, पण ठरवायचं कशाच्या जोरावर?

ज्या यातून गेल्या आहेत किंवा ज्यांच्या घरात कुणी गेलं आहे, त्यांनी काय पाहून ठरवलं ते सांगा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही लिहा.


रुईफूल
९ जून, रात्री १०:१५

गोदाकाठताई, धीर धरा. माझ्या थोरल्या जाऊबाईंना चार वर्षांपूर्वी हेच निघालं होतं, आज त्या ठणठणीत आहेत. पुढच्या आठवड्याची तारीख आधी पुढे ढकला. तुम्हाला प्रश्न पडलेले असताना टेबलावर जाऊ नका. इथे एक पॅथॉलॉजिस्ट ताई आहेत, त्यांना निरोप धाडते.


स्लाइडखाली
१० जून, सकाळी ७:०५

रुईफूल यांचा निरोप मिळाला. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्तनाच्या बायोप्सी रोज बघते. मी तुमच्यावर उपचार करत नाही, त्यामुळे हे वाचा आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला.

दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. तुमच्यात त्या पेशी कर्करोगाच्या झाल्या आहेत, वाढल्या आहेत, पण नळीची भिंत ओलांडून बाहेर पडलेल्या बायोप्सीत दिसत नाहीत. भिंत ओलांडल्याशिवाय त्यांना काखेतल्या गाठींपर्यंत किंवा रक्तात जायला वाट नसते. म्हणून याला स्टेज शून्य म्हणतात आणि म्हणून यात किमो लागत नाही. पुढे त्यातल्या काही बाहेर पडतात, काही आयुष्यभर नळीतच राहतात. एखाद्या बाईच्या बाबतीत कोणतं घडेल हे आज कुठलीच तपासणी खात्रीने सांगू शकत नाही. उपचारांबद्दलची सगळी मतमतांतरं तिथून येतात.

सासूबाईंना सांगा, गोळ्यांतल्या किंवा दुधातल्या कॅल्शियमचा या ठिपक्यांशी संबंध नाही. नळीतल्या मेलेल्या पेशींवर आणि त्यांच्या स्रावावर क्षार साठतात, तेच मॅमोग्राफीत पांढरे दिसतात. हाडांसाठी गोळ्या चालू असतील तर चालू ठेवा.

आता सुईची मर्यादा. सुईने त्या भागाचे चारदोन तुकडेच मिळतात. सुईच्या बायोप्सीत निव्वळ डीसीआयएस दिसलेल्या साधारण चार बायकांपैकी एकीच्या ऑपरेशनच्या रिपोर्टात कुठेतरी भिंत ओलांडलेली, म्हणजे इन्व्हेजिव्ह, जागा सापडते. ग्रेड ३ असेल, भाग मोठा असेल किंवा हाताला गाठ लागत असेल तर ही शक्यता वाढते. तुमच्यात यातलं काहीच नाही, ही चांगली बाजू.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले बायोप्सीचे तुकडे) लॅबमधून मागून घ्या आणि स्तनाचंच काम जास्त करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. कोणतीही लॅब ते देते. ग्रेड ठरवताना दोन अनुभवी माणसांत फरक पडतो. कमी ग्रेडचं डीसीआयएस आणि त्याच्या आधीची अटिपिकल अवस्था यांच्या सीमेवर तर हमखास पडतो. तुमचे पुढचे सगळे निर्णय या एका कागदावर उभे आहेत.

आठ-पंधरा दिवस, अगदी महिनाही गेला तरी काही बिघडत नाही. 'बघू दिवाळीनंतर' असं मात्र करू नका.


पैलतीर
१० जून, सकाळी ८:५०

मी न्यू जर्सीत असते, मूळची साताऱ्याची. मला ४९व्या वर्षी हेच झालं, उजव्या बाजूला, ग्रेड ३. मी तेवढाच भाग काढून घेतला आणि रेडिएशन घेतलं. पण माझं उदाहरण म्हणून तुम्हीही तसंच करा, असं मी म्हणणार नाही. मी ठरवताना जे आकडे समोर ठेवले ते देते.

१९८५ ते १९९० या काळात अमेरिकेत एनएसएबीपी या संशोधकांच्या गटाने ८१८ बायकांवर बी-१७ नावाची चाचणी केली. अर्ध्या जणींचा नुसता भाग काढला, अर्ध्या जणींना वर रेडिएशन दिलं. १९९३ मध्ये पहिला निकाल आला की रेडिएशनमुळे त्याच स्तनात पुन्हा होण्याचं प्रमाण खूप कमी होतं. पुढे युरोप, ब्रिटन, स्वीडनमध्येही तशाच चाचण्या झाल्या. २०१० मध्ये चारही चाचण्यांतल्या ३,७२९ बायकांचा एकत्र हिशेब झाला: दहा वर्षांत त्याच स्तनात पुन्हा काही निघालं ते रेडिएशनशिवाय २८.१ टक्के जणींत आणि रेडिएशन घेतलेल्यांत १२.९ टक्के जणींत. पुन्हा निघालेल्यांपैकी साधारण निम्म्या वेळा ते इन्व्हेजिव्ह असतं.

याच हिशेबातली दुसरी ओळ माझ्या डॉक्टरांनी बोट ठेवून वाचून दाखवली होती. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत दोन्ही गटांत फरक नव्हता. मला ते ऐकून सुटल्यासारखं झालं. म्हणजे चुकीचा पर्याय निवडला तर मरेन, असा हा प्रश्न नव्हताच. पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याचा किती धोका मला चालेल, एवढंच मला ठरवायचं होतं. मला फारसा चालणार नव्हता, ग्रेड ३ होता, म्हणून मी रेडिएशन घेतलं.

त्या चाचण्या जुन्या आहेत. तेव्हाची मॅमोग्राफी आजच्याइतकी बारीक नव्हती आणि काढलेल्या तुकड्याच्या कडांना रोग नाही ना, हे आजच्या काटेकोरपणे तपासत नसत. तुमच्यासारखीला जास्त लागू पडणारी चाचणी आरटीओजी ९८०४. तिच्यात मॅमोग्राफीत सापडलेलं, अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान, ग्रेड १ किंवा २ आणि कडा स्वच्छ, अशाच ६३६ बायका होत्या. पंधरा वर्षांनी त्याच स्तनात पुन्हा निघालं ते रेडिएशनशिवाय १५.१ टक्के जणींत आणि रेडिएशनने ७.१ टक्के. फरक आहेच, पण रेडिएशन न घेतलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणींनाही पंधरा वर्षांत काही झालं नाही. त्यातल्या बऱ्याच जणी टॅमॉक्सिफेन, म्हणजे हॉर्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, घेत होत्या, हेही लक्षात घ्या.

तुमची डावी बाजू आहे, तेव्हा रेडिएशन घेणार असाल तर श्वास रोखून देण्याची सोय आहे का ते विचारा. छाती फुगवून धरली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. पंधरा-सोळा बैठकांचा, म्हणजे तीन आठवड्यांचा कोर्स आता सर्रास देतात. पाच आठवडेच लागतील असं कुणी म्हटलं तर कारण विचारा.


सह्यवारा
१० जून, दुपारी १:२०

माझ्या आईने पूर्ण स्तन काढला. धागा वाचून कुणाला वाटू नये की तो पर्याय मागासलेला आहे, म्हणून लिहितो.

आईचं डीसीआयएस दोन वेगवेगळ्या भागांत पसरलेलं होतं. आधी भाग काढून बघितला, कडेपर्यंत रोग, पुन्हा काढला, तरी कडेला रोग. तिसऱ्यांदा तेच करण्यात अर्थ नव्हता. शिवाय आमच्या गावाहून रेडिएशनच्या केंद्रापर्यंत रोज जाणं येणं तिला झेपलं नसतं. तेव्हा ती ६७ वर्षांची होती आणि एकटी राहत होती. स्तन काढल्यावर त्या बाजूला पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन एवढंच राहतं आणि सहसा रेडिएशन लागत नाही. तिला हे पटलं. पुनर्रचना तिने नको म्हटली, सिलिकॉनचं पॅड वापरते. पहिले काही महिने छाती बधिर वाटायची, खांद्याचे व्यायाम न चुकता करावे लागले. आता अंगणात तुळशीपासून चिकूपर्यंत सगळं तीच बघते.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. स्तन काढायचा ठरलं तर त्याच वेळी काखेतली पहिली गाठ, सेंटिनल नोड, काढून तपासतात, कारण रिपोर्टात इन्व्हेजिव्ह निघालं तर नंतर ती गाठ शोधता येत नाही. भागच काढायचा असेल तर बहुतेकदा काखेला हात लावावा लागत नाही. आणि 'काखेतल्या सगळ्याच गाठी साफ करू' असं कुणी निव्वळ डीसीआयएससाठी म्हणालं तर दुसरं मत घ्या. हात सुजण्याचा त्रास आयुष्यभर राहू शकतो.


गोदाकाठ
१० जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे किती आभार मानू. पैलतीरताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला. ऑपरेशनची तारीख रद्द केली आहे, ब्लॉक लॅबमधून घेतले.

सह्यवारा, आईंचं वाचून बरं वाटलं. मला रेडिएशनचं केंद्र शहरातच आहे, तेव्हा ती अडचण नाही.

मुलीचा प्रश्न अजून आहे. ऑपरेशनच न करता लक्ष ठेवणं खरंच सुरक्षित आहे का? तिला नुसतं 'नाही' म्हणून चालणार नाही, ती कारण विचारते.


स्लाइडखाली
११ जून, सकाळी ६:५५

मुलीने विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे. या विषयात गेली दहा-पंधरा वर्षं हाच वाद चालू आहे.

२०१५ मध्ये स्टीव्हन नॅरोड यांच्या गटाने अमेरिकेतल्या १,०८,१९६ डीसीआयएस झालेल्या बायकांच्या नोंदी तपासल्या. वीस वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू ३.३ टक्के. पस्तिशीच्या आतल्या मुलींमध्ये तो जास्त, ७.८ टक्के. जवळपास सगळ्यांनी उपचार घेतलेले होते. म्हणजे बहुतेक बायका या आजाराने जात नाहीत. मग प्रत्येकीला ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या असा पूर्ण मारा हवाच का, हा प्रश्न जोरात पुढे आला.

तिने वाचलेली चाचणी म्हणजे कॉमेट. शेली ह्वांग यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत झाली, निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. चाळिशीपुढच्या, ग्रेड १ किंवा २, हॉर्मोन पॉझिटिव्ह अशा ९५७ बायका. एका गटाला नेहमीचे उपचार, म्हणजे ऑपरेशन, दुसऱ्यावर ठरावीक काळाने मॅमोग्राफी करून नुसतं लक्ष. दोन वर्षांत इन्व्हेजिव्ह कर्करोग निघाला तो नेहमीच्या उपचारांच्या गटात ५.९ टक्के आणि लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के. लक्ष ठेवणं कमी पडलं नाही.

ग्रेड २, ईआर पॉझिटिव्ह म्हणजे कागदावर तुम्ही त्या गटात बसता. तरी तिने हे तीन मुद्दे बघावेत. डीसीआयएससाठी दोन वर्षं हा फार थोडा काळ आहे, हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही परततो. ऑपरेशनच्या गटात टाकलेल्या बऱ्याच जणींनी प्रत्यक्षात ऑपरेशन करून घेतलंच नाही, आणि लक्ष ठेवलेल्या गटातल्या बऱ्याच जणी हॉर्मोनची गोळी घेत होत्या, त्यामुळे 'काहीही न करणं' असं ते नव्हतं. तिसरा मुद्दा म्हणजे त्या चाचणीतल्या मॅमोग्राफी वेळेवर झाल्या, त्याच पद्धतीने वाचल्या गेल्या, संशय आला की लगेच बायोप्सी झाली. ही शिस्त दहा वर्षं पाळता येईल अशी सोय तुमच्या हाताशी आहे का?

ब्रिटनमधली लोरिस ही अशीच चाचणी पुरेशा बायका न मिळाल्यामुळे बंद करावी लागली. नेदरलँड्समधल्या लॉर्डमध्ये चिठ्ठीने गट पाडण्याऐवजी बायकांना स्वतःच निवडू द्यावं लागलं.

माझं मत विचाराल तर: पंच्याहत्तरीच्या पुढची, हृदयाचा किंवा इतर मोठा आजार असलेली आणि ग्रेड १ असलेली बाई समोर असती तर मी लक्ष ठेवण्याच्या बाजूने बोलले असते. तुम्ही ५३ च्या आहात, पुढे तीस वर्षं आहेत. ऑपरेशन छोटं आहे. आणि बायोप्सीत न सापडलेलं इन्व्हेजिव्ह तिथे नाही ना, हे भाग काढून तपासल्यावरच कळतं. मी तुमच्या जागी असते तर भाग काढून घेतला असता.


कोकणपाऊस
११ जून, दुपारी ४:३०

माझ्या ओळखीतल्या एकांनी साखर, मैदा बंद करून आणि काढा घेऊन गाठ घालवली. ऑपरेशनच्या आधी सहा महिने करून बघायला काय हरकत आहे? सद्भावनेने सांगते.


रुईफूल
११ जून, सायंकाळी ५:१०

कोकणपाऊस, तुमच्या मनात काळजीच आहे हे कळतं. पण स्तनातल्या पुष्कळ गाठी साध्या असतात, काही पाण्याच्या असतात, आपोआप विरतात. ती गाठ बायोप्सी करून कर्करोगाची ठरली होती का? डीसीआयएस काढ्याने जातं असं दाखवणारं काही नाही. आहार नीट ठेवायला, वजन आटोक्यात आणायला, रोज चालायला सगळेच डॉक्टर सांगतात. ते उपचारांबरोबर करायचं, उपचार सोडून नाही. या धाग्यावर पुढे अशाच स्थितीतल्या बायका येऊन वाचणार आहेत, म्हणून ठामपणे लिहिते.


हिशेबनीस
११ जून, रात्री ८:४५

पैशांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो. विम्याच्या दाव्यांचं काम करतो.

तुमच्याकडे दोन प्रकारच्या पॉलिसी असू शकतात. साधी मेडिक्लेम, जी दवाखान्याचं बिल भरते, तिच्यात डीसीआयएसचं ऑपरेशन आणि रेडिएशन बसतं. रेडिएशनला रात्री राहावं लागत नाही, ते डे-केअरमध्ये जातं, पण त्याची मंजुरी आधी घ्या. दुसरी क्रिटिकल इलनेस, जी निदान झालं की एकरकमी पैसे देते. तिच्यातली कर्करोगाची प्रमाण व्याख्या विमा नियामकाने ठरवून दिलेली आहे आणि त्या व्याख्येतून 'कार्सिनोमा इन सिटू' स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. त्यामुळे तो दावा फेटाळला जातो आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं. काही खास कर्करोग पॉलिसींत सुरुवातीच्या टप्प्यासाठी ठरावीक हिस्सा मिळतो, तेव्हा कागद काढून वाचा. ऑपरेशनच्या रिपोर्टात इन्व्हेजिव्ह निघालं तर मात्र क्रिटिकल इलनेसचाही दावा करता येतो, म्हणून तो अंतिम रिपोर्ट हातात आल्याशिवाय कंपनीला काही लिहून देऊ नका.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि रेडिएशन येतं. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आधी स्वतःच्या खिशातून भरून मागून परत मागू नका, तसं होत नाही.


तांबडीमाती
११ जून, रात्री ११:००

गोळीबद्दल माझा अनुभव. मीही डीसीआयएसवाली, ईआर पॉझिटिव्ह. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर टॅमॉक्सिफेन २० मिग्रॅ पाच वर्षं सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात अंगातून वाफा निघायच्या, रात्री चादर भिजायची, पायात गोळे यायचे. ऑफिसात मीटिंगमध्ये घाम पुसत बसायचे. मी डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करायच्या विचारात होते, मैत्रिणीने ओढून नेलं.

तिथे मला कळलं की इटलीत ५०० बायकांवर कमी डोसची चाचणी झाली आहे, रोज ५ मिग्रॅ, तीन वर्षं. निकाल २०१९ चा. साधारण पाच वर्षांत पुन्हा काही निघालं ते गोळी घेणाऱ्यांत १४ जणींत आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २८ जणींत, म्हणजे निम्म्यावर. त्रास बराच कमी. आपल्याकडे १० मिग्रॅची गोळी मिळते, माझ्या डॉक्टरांनी ती एक दिवसाआड दिली. आता मला जमतंय.

गोदाकाठताई, तुमची पाळी गेलेली आहे, तेव्हा तुमच्यापुढे अॅनास्ट्रोझोल या दुसऱ्या हॉर्मोनच्या गोळीचाही पर्याय असेल. त्याने टॅमॉक्सिफेनसारखा गर्भाशयाच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढत नाही, पण सांधे दुखतात आणि हाडं विरळ होतात, म्हणून आधी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करतात. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेलं तर थांबायचं नाही, लगेच सांगायचं. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर तीही सांगा, काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात.

आणि गोळी न घेणं हाही मान्य पर्याय आहे. तिने पुन्हा होणं कमी होतं, आयुष्य वाढतं असं या आजारात दिसलेलं नाही.


पैलतीर
१२ जून, सकाळी ७:३०

तांबडीमातीने फार उपयोगाचं लिहिलं. मीही टॅमॉक्सिफेन अर्ध्यावर सोडलं होतं, डॉक्टरांना सांगून. कुणी रागावलं नाही.

परवा राहिलेला एक मुद्दा. रेडिएशन एकदा घेतलं आणि पुढे कधी त्याच स्तनात पुन्हा निघालं तर बहुधा पूर्ण स्तन काढावा लागतो, कारण त्याच जागी पुन्हा पूर्ण रेडिएशन सहसा देत नाहीत. आज घेतलं नाही आणि पुढे निघालं तर भाग काढून रेडिएशन, हा पर्याय हातात राहतो. कमी धोक्याच्या काही बायका याच विचाराने रेडिएशन मागे ठेवतात. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.


सह्यवारा
१२ जून, सकाळी ९:१५

दुसऱ्या मतासाठी: आम्ही परळच्या टाटा मेमोरियलला गेलो होतो. गर्दी आहे, दिवस मोडतो, पण तिथे स्लाइड पुन्हा वाचतात आणि सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' (Navya) या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट अपलोड करून घरबसल्याही मागवता येतं. बाहेरगावच्या लोकांनी आधी ते करून पाहावं.


स्लाइडखाली
१२ जून, रात्री ९:२०

टाटाचा विषय निघाला म्हणून थोडं विषयांतर. मनाला लागलेली गोष्ट आहे.

अमेरिकेत मॅमोग्राफीत सापडणाऱ्या स्तनाच्या कर्करोगांपैकी पाचात एक डीसीआयएस असतो. माझ्या मायक्रोस्कोपखाली तो क्वचित येतो. आपल्याकडे आजार कमी आहे म्हणून नाही, तर ठणठणीत बाईची मॅमोग्राफी करण्याची पद्धतच नाही म्हणून. माझ्याकडे येतात ते हाताला लागलेल्या, कधी कातडीपर्यंत आलेल्या गाठींचे तुकडे.

आणि सगळ्यांना मॅमोग्राफी देणं इथे परवडणारं नाही, म्हणून टाटाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत वेगळा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. हाताच्या तपासणीत डीसीआयएस सहसा सापडत नाही, तरीही जीव वाचले. तेव्हा हा धागा वाचणाऱ्या ज्यांना मॅमोग्राफी शक्य नाही, त्यांनी निदान जवळच्या आरोग्य केंद्रात हाताची तपासणी करून घ्यावी, आणि घरी मदतीला येणाऱ्या ताईंनाही पाठवावं.


गोदाकाठ
१४ जुलै, रात्री ९:०५

उशिरा लिहिते आहे, पण लिहिणारच होते.

दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनीही ग्रेड २ च सांगितला. मुलीबरोबर बसून कॉमेटचं सगळं पुन्हा वाचलं. लक्ष ठेवण्याचा पर्याय आम्ही दोघींनी मिळून बाजूला ठेवला. दर सहा महिन्यांनी निकालाची वाट बघत जगणं माझ्या स्वभावाला झेपणार नाही, हे मला स्वतःलाच कळलं. पूर्ण स्तन काढायला माझ्या रिपोर्टात कारण दिसत नव्हतं. तेवढाच भाग काढायचं ठरवलं.

सकाळी मॅमोग्राफीखाली वायर लावली, मग ऑपरेशन. काढलेल्या तुकड्याचा ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे घेतला, ठिपके सगळे आत आले आहेत ना ते बघायला. संध्याकाळी घरी. अंतिम रिपोर्ट: १६ मिमी डीसीआयएस, ग्रेड २, कुठेही इन्व्हेजिव्ह नाही, सगळ्यात जवळची कड ४ मिमी. सर्जनबाई म्हणाल्या, रेडिएशन द्यायचं असेल तर २ मिमी पुरते, तेव्हा पुन्हा ऑपरेशन नाही.

रेडिएशन घेणार आहे. शंभरात पंधरा आणि शंभरात सात यांतला फरक काही जणींना छोटा वाटेल, मला मोठा वाटला. पैलतीरताईंचा राखून ठेवण्याचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता, पण मला आजची शांतता हवी आहे. तीन आठवडे, श्वास रोखून. गोळीचं अजून ठरलेलं नाही, डेक्सा झाल्यावर बोलू. सासूबाई पहिल्या दिवशी रुसल्या होत्या. आता ड्रेसिंगच्या वेळी त्याच शेजारी बसतात.

दोन प्रश्न राहिले. पुढची मॅमोग्राफी कधी? आणि माझी मुलगी २६ ची आहे, तिने काय करायचं?


स्लाइडखाली
१४ जुलै, रात्री १०:३०

रिपोर्ट उत्तम आहे. इन्व्हेजिव्ह नाही हे वाचून मलाच हायसं वाटलं.

रेडिएशन संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी, नंतर दर वर्षी, दोन्ही बाजूंची. पहिल्या वेळी ऑपरेशनच्या जागी वण आणि सूज दिसते, घाबरू नका, रेडिओलॉजिस्टना ऑपरेशनची तारीख सांगा.

मुलीला आत्ता मॅमोग्राफीची गरज नाही, या वयात स्तन दाट असतात आणि फारसं काही दिसत नाही. तिने चाळिशीपासून दर वर्षी सुरू करावी, चालढकल करू नये, आणि त्याआधी काही वेगळं जाणवलं तर लगेच दाखवावं. तुमच्या वयात निघालेलं आणि घरात दुसरं कुणी नसलेलं, अशा वेळी बीआरसीएची (स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकांतल्या बदलांची) जनुकीय तपासणी सर्रास करत नाहीत. पण वडिलांकडच्या नात्यांतही स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग कुणाला होता का, ते एकदा नीट विचारून घ्या. लोक आईकडचंच सांगतात आणि आत्या, चुलत बहिणी राहून जातात. तसं कुणी निघालं तर जनुकीय सल्लागारांना भेटा.

आणि आतापर्यंतच्या सगळ्या मॅमोग्राफीच्या सीडी, ब्लॉकचे नंबर आणि दोन्ही पॅथॉलॉजी रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला ते मागतील.